जयवंतरावांचं प्रतिमन

“माझा श्वास यंत्रावर चालवू नका. नळ्या काढा आणि मला जाऊ द्या.”

आवाज जयवंतराव मगदूमांचाच होता. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा, साखर कारखान्याच्या स्नेहसंमेलनात ज्याला कधी माइक लागला नाही असा. फक्त जयवंतराव त्या खोलीत नव्हते. ते दोन भिंतींपलीकडे अतिदक्षता विभागात तोंडात नळी घेऊन बेशुद्ध पडले होते. आवाज येत होता तो टेबलावरच्या करड्या पेटीतून, आणि पेटी होती जेवणाच्या डब्याएवढी.

शैलजाबाईंनी पेटीकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या मुलीकडे, ऋजुताकडे पाहिलं, पुन्हा पेटीकडे पाहिलं. आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. ज्या नवऱ्याने उभ्या आयुष्यात दाढ काढायलासुद्धा एकट्याने जायचं धाडस केलं नाही, तो म्हणत होता मला जाऊ द्या.

“परत विचारा,” त्या म्हणाल्या.

“विचारणारच आहोत, बाई,” अशा निर्णयांसाठी नेमलेल्या समितीचे वकील पाटणकर म्हणाले. उंच, कोरडा माणूस. मिरजेतल्या इस्पितळांमधून अशा सुनावण्या घेत फिरणं हाच त्यांचा धंदा होता, आणि त्यात कुणाच्या रडण्याने विचलित व्हायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. “एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारायची, असा नियमच आहे.”

ते पेटीकडे वळले. “जयवंतराव, तुम्हाला मेंदूचा झटका आलाय. उपचार चालू ठेवले तर तुम्ही वाचाल, शुद्धीवरही याल, पण अंग निकामी राहील. अन्न नळीतून, बाकी सगळं अंथरुणात, दुसऱ्याच्या हातून. असं जगणं चालेल?”

“नाही,” पेटी म्हणाली. “दुसऱ्याने आपली घाण काढायची, हे मला नको. एक दिवस नको.”

“आणि मुलगी म्हणाली, पप्पा, माझ्यासाठी राहा, तर?”

पेटी जराशी थांबली. “तिला माझा त्रास नको. तिला सांगा, तिचं चांगलं चाललंय यात मला सगळं मिळालं.”

ऋजुता हमसून हमसून रडायला लागली. ती नागपूरहून धावतपळत आली होती, अजून घरीही गेली नव्हती. शैलजाबाई मात्र रडल्या नाहीत. दुसऱ्याने आपली घाण काढायची, हे वाक्य त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं, आणि ते जयवंतरावांचं नव्हतं.

प्रतिमन म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूस आता शोधूनही सापडायचा नाही, तरी ते झालं कसं हे थोडक्यात सांगायला हवं. पूर्वी लोक कागदावर लिहून ठेवत की मी शुद्धीवर नसलो तर अमुक करा, तमुक करू नका. कागदाची पंचाईत अशी की आजार कागदाबरहुकूम येत नाही. लिहून ठेवलेलं असायचं कर्करोगाबद्दल आणि माणूस पडायचा जिन्यावरून. मग नातेवाईक अर्थ लावत बसायचे. त्यात कुणाचं प्रेम आडवं यायचं, कुणाचा कंटाळा, कुणाचा इस्टेटीवरचा डोळा. डॉक्टर बिचारे मधल्या मध्ये मार खायचे, कधी कधी खराखुरा.

त्यावर मेंदूशास्त्राने तोडगा काढला. कुठलाही प्रश्न कानावर पडला की उत्तर ओठांवर यायच्या आधीच मेंदू एका बाजूला कलतो. दुखणं आणि लाज, पैसा आणि अब्रू, आपली सोय आणि दुसऱ्याचं मन, प्रत्येक बाबतीत प्रत्येकाचा कल निराळा. ओठ भिडेखातर काहीही बोलतील, कल सहसा खोटं बोलत नाही. कपाळावर बांधायची एक पातळ पट्टी हे कल टिपते. महिनाभर रोज थोडा वेळ बसायचं आणि पट्टी विचारील त्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. काही प्रश्न गंभीर, काही अगदीच फालतू. पाहुणा अवेळी टपकला तर काय वाटतं? औषधाने वेदना थांबतील पण माणसं ओळखू येणार नाहीत, तर घ्याल का? असे हजारो कल गोळा झाले की संगणक त्यातून त्या माणसाच्या मनाचा साचा तयार करतो. मग जो प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नाही, त्याचंही तो साचा उत्तर देतो, आणि त्या माणसाने दिलं असतं तेच देतो. हे प्रतिमन. शेवटच्या दिवशी माणसाने एक उतारा मोठ्याने वाचायचा, की प्रतिमनाला त्याचा आवाज मिळाला.

कायद्याने साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला प्रतिमन सक्तीचं केलं. माणूस बेशुद्ध असेल, निर्णय घ्यायला सक्षम नसेल, तेव्हा प्रतिमनाचा शब्द अखेरचा. बायको, मुलं, डॉक्टर, कुणाचाच शब्द त्याच्या वर नाही. कायदा करणारे हुशार होते. त्यांनी लबाड मुलांचा विचार केला होता, लोभी भावांचा केला होता, पैसे खाणाऱ्या कारकुनांचाही केला होता. घरातलं कुठलंही सरकारी काम निघालं की ते बायकोच्या गळ्यात घालून मोकळ्या होणाऱ्या नवऱ्याचा विचार मात्र त्यांना सुचला नाही.

जयवंतराव माणूस लाखातला. कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले तरी सांगलीत रस्त्याने चालताना त्यांना दहा जण थांबवायचे. खाण्याचा भारी शौक, गप्पांचा त्याहून भारी. पण वीजबिल, विमा, आयकर, बँकेचे निरोप यांचं नाव काढलं की ते उठून गॅलरीत जायचे. ते सगळं शैलजाबाईंनी बघायचं. डॉक्टरकडे गेले आणि डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी लागते, तर हे बायकोकडे बघणार. “सांग गं, कशी लागते मला झोप?” आणि त्या सांगायच्या. त्यात कधी चूक निघाली नाही, हे त्यांच्या संसाराचं कौतुकच होतं म्हणा ना.

प्रतिमनाची पट्टी विश्रामबागेतल्या घरी आली तेव्हाही तेच झालं. पहिल्या संध्याकाळी जयवंतराव हौसेने बसले आणि चार प्रश्नांत वैतागले.

“डोक्याला खाज सुटतीय माझ्या. आणि प्रश्न काय, तर शेजाऱ्याचं कुत्रं मेलं तर तुम्हाला कसं वाटेल. तू बस की गं.”

“अहो, मनाचं आहे ते. दुसऱ्याने कसं बसायचं?”

“माझं मन काय तुझ्यापासून लपून आहे का? माझ्यापेक्षा तुलाच जास्त ठाऊक. बस.”

मग रोज संध्याकाळी जयवंतराव कॅमेऱ्याला तोंड दाखवायचे, अंगठा टेकवायचे, पट्टी बायकोच्या कपाळाला बांधायचे आणि मॅच लावून बसायचे. सुरुवातीला शैलजाबाई जयवंतराव काय म्हणतील ते आठवून उत्तर द्यायच्या. पण पट्टी ओठांचं ऐकत नव्हती, कल टिपत होती. माहितीपत्रकात ते छापलेलं होतं. त्यांनी वाचलंही होतं. आपल्या कपाळाला बांधल्यावर त्या यंत्राला आपलंच मन सापडणार, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही, कारण आपल्याला वेगळं मन आहे हे बऱ्याच वर्षांत ध्यानात यायचं कारणच पडलं नव्हतं.

पुढे पुढे त्यांनी नवऱ्यासारखं उत्तर देण्याचा नादही सोडला. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं. थकलात की काय करावंसं वाटतं? कुणी न सांगता निघून गेलं तर राग येतो की हायसं वाटतं? असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. दिवाबत्ती झाली की त्या आपणहून पट्टी मागून घ्यायच्या, आणि महिना संपला तेव्हा त्यांना दोन दिवस चुकल्यासारखं झालं. उतारा तेवढा जयवंतरावांनी वाचला. झोकात वाचला.

आता तोच आवाज टेबलावर बसून स्वतःचं मरण मागत होता.

“हे ते नाहीत,” शैलजाबाई म्हणाल्या.

पाटणकरांनी चष्मा काढून पुसला. “बाई, दर दुसऱ्या सुनावणीत हे वाक्य मी ऐकतो. प्रतिमन जाऊ द्या म्हणालं की घरचे म्हणतात, आमचे हे असे नव्हतेच.”

“आई, पप्पांनी ठरवलंय ते,” ऋजुता डोळे पुसत म्हणाली. “मला पण नाही सोसत. पण तू नको आता अडवूस त्यांना.”

“त्यांनी काही ठरवलेलं नाही. ते पट्टी लावून बसलेच नव्हते. महिनाभर पट्टी माझ्या डोक्याला होती.” त्यांनी पेटीकडे बोट केलं. “त्यांनी तोंड दाखवलं, अंगठा दिला आणि मॅच बघितली. ही पेटी बोलतीय ना, ते सगळं माझं आहे.”

जयवंतरावांवर उपचार करणाऱ्या मेंदूतज्ज्ञ डॉक्टर मुजावर इतका वेळ टेबलाच्या टोकाला गप्प बसल्या होत्या. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?” पाटणकरांनी आवाज खाली आणला. “दुसऱ्याच्या प्रतिमनात स्वतःचं मन घालणं गुन्हा आहे. तुरुंगवास आहे त्याला. मी अजून नोंद केलेली नाही. हवं तर ऐकलंच नाही असं धरतो.”

“करा नोंद. आणि हेही लिहा. आमच्या शेजारचे बापू अंथरुणाला खिळले, त्यांना बघून आल्यावर हे रात्रभर तळमळत होते. सकाळी मला म्हणाले, शैला, माझं असं झालं तर मला जगव. टीव्ही समोर ठेव, आमरसाची वाटी नुसती नाकाशी धर, चालेल मला. पण जाऊ नको देऊस. घाबरतात ते मरणाला. लहान पोरासारखे घाबरतात.”

“हे कुणासमोर म्हणाले?”

“माझ्यासमोर.”

“म्हणजे पुरावा तुम्हीच.” पाटणकरांनी हात पसरले. “आणि मी तुमच्या शब्दावर प्रतिमन रद्द करायचं?”

“पट्टीच्या नोंदीत नसतं का काही? कुणाच्या डोक्याला होती ते?” ऋजुताने विचारलं. तिचं रडणं थांबलं होतं.

“नाही,” डॉक्टर मुजावर म्हणाल्या. “मेंदूच्या लहरी कुणी साठवू नयेत म्हणून कायद्यानेच त्या पुसायला लावल्यात. कल तेवढे उरतात. पण त्यावरूनही कळेल. आपण बाईंना पट्टी लावू, नवे प्रश्न विचारू, तेच पेटीला विचारू. दोन माणसांचे कल थोडेफार जुळतात. पूर्ण जुळले तर माणूस एकच.”

जयवंतरावांना पट्टी लावून उपयोग नव्हता, हे डॉक्टरांनी सुनावणीच्या आधीच सांगितलं होतं. गुंगीत बुडालेल्या मेंदूत कल उमटत नाहीत. गुंगी उतरवायची तर आधी गळ्याला छिद्र पाडून तिथून श्वास द्यायला हवा, आणि त्या शस्त्रक्रियेला प्रतिमन नाही म्हणत होतं.

पट्टी आली. शैलजाबाईंनी केस मागे सारले आणि ती स्वतःच बांधली, सराईतपणे. त्यांच्या त्या सराईतपणाकडे बघूनच पाटणकरांच्या कपाळावर आठी पडली. डॉक्टरांनी पेटीचा आवाज बंद करून तिची उत्तरं पडद्यावर घेतली आणि एकेक प्रश्न वाचायला सुरुवात केली.

“घरात तुम्ही एकट्याच आहात. चार दिवस कुणी येणार नाही. कसं वाटतं?”

“बरं वाटत नाही. घर खायला उठतं,” शैलजाबाई म्हणाल्या. तसंच म्हणायचं असतं.

पडद्यावर पेटीचं उत्तर उमटलं. बरं वाटतं. फार बरं वाटतं. त्याच्या खाली शैलजाबाईंच्या कपाळावरून आलेली रेघ होती, आणि ती पेटीच्या रेघेबरोबर जशीच्या तशी वर चढली होती.

असे बरेच प्रश्न झाले. शेवटी डॉक्टर मुजावरांनी पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. दोन रेघा होत्या, पण एकच दिसत होती.

“मन एकच आहे,” त्या म्हणाल्या. “मला आता शंका नाही.”

शैलजाबाईंनी मोठा श्वास सोडला. जिंकलो आपण, असं त्यांना वाटलं. “मग आता नळ्या नाहीत ना काढणार?”

ऋजुता पेटीकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती, डोळे विस्फारून, अनोळखी बाईकडे बघावं तशी. ती अशी का बघतेय हे शैलजाबाईंना कळायला थोडा वेळ लागला. नवऱ्याला वाचवायच्या घाईत त्यांनी या गोष्टीचा विचारच केला नव्हता. पेटी सकाळपासून जे जे बोलली, ते ते आता त्यांच्या नावावर जमा झालं होतं.

पाटणकरांनी घसा साफ केला. “जयवंतरावांचं प्रतिमन रद्द. ही पेटी तात्पुरती शैलजाबाईंच्या नावावर. गुन्ह्याचं न्यायालय मागाहून बघेल. अशा वेळी निर्णय सर्वांत जवळच्या नातेवाइकाने घ्यायचा असतो, म्हणजे पत्नीने.”

“मी सांगते की मग. शस्त्रक्रिया करा.”

“बाई, थांबा. ज्याच्या मनाचा कल जगण्याच्या विरुद्ध आहे असं सिद्ध झालं, त्याला दुसऱ्याच्या जगण्या-मरण्याचा निर्णय घेता येत नाही. कायदा त्याला अक्षम धरतो. आणि ते तर तुम्ही आत्ताच आमच्यासमोर सिद्ध केलंत.”

शैलजाबाईंना वाटलं आपल्या कानाखाली कुणीतरी वाजवली. “मी वेडी आहे?”

“वेडी नाही. अक्षम. या एका निर्णयापुरती.”

“अहो, मी त्यांना जगवा म्हणतेय. मी तुरुंगात जायला तयार आहे त्यासाठी.”

“ते मला दिसतंय,” पाटणकर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा पडला. “पण कायदा तुमचं म्हणणं बघत नाही. कल बघतो. आता निर्णय तुमच्या मुलीचा.”

दोघांच्या संसाराचा एकूण एक निर्णय ज्या बाईने घेतला, तिला एका ओळीत बाजूला बसवलं गेलं. त्या मुलीकडे वळल्या. ऋजुता म्हणेल करा, आणि संपेल हे सगळं. पण ऋजुताने हात पुढे करून पेटी आपल्यासमोर ओढून घेतली.

“मला याच्याशी बोलायचंय.”

“त्याच्याशी कशाला? मी बसलेय ना इथे. मला विचार.”

“तू खरं सांगणार नाहीस, आई. कधी सांगितलंयस?”

डॉक्टर मुजावरांनी पेटीचा आवाज पुन्हा चालू केला. “तिला आठवणी नसतात, फक्त कल असतात,” त्यांनी ऋजुताला बजावलं. “काय झालं ते विचारू नका. काय वाटतं ते विचारा.”

ऋजुताने तोंड उघडलं आणि ती अडखळली. त्या आवाजाला तिने कधी एकेरी हाक मारली नव्हती.

“तुला,” ती शेवटी म्हणाली, “तुला जगायचं नाहीये का?”

“जगायचं आहे,” पप्पांचा आवाज म्हणाला. “अंथरुणात नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या अंथरुणाशीही नाही.”

“घरातलं कुणी अंथरुणाला खिळलं आणि तुझ्यावरच आलं, तर?”

“करीन. न करून कुठे जाऊ? पण खोलीचं दार लावून घेतलं की वाटतं, हे लवकर संपावं. मग असं वाटलं याची लाज वाटते. घाणीचं काही नाही. लाजेने जीव जातो.”

ऋजुताला आजी आठवली. आजी मागच्या खोलीत आठ-नऊ वर्षं पडून होती. आईने तिचं सगळं केलं, हसतमुखाने केलं, आणि आपल्या आईसारखी आई नाही असं ऋजुता कॉलेजात मैत्रिणींना सांगत फिरायची. तिने आईकडे पाहिलं. शैलजाबाई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. पेटीवर आपली शाल टाकावी आणि ती उचलून बाहेर न्यावी असं त्यांना होत होतं. ज्या आवाजाने त्यांना इतक्या वर्षांत चहा झाला का यापलीकडे फारसं काही विचारलं नाही, तो आवाज परक्या माणसांसमोर त्यांच्या मनाच्या घड्या उलगडत बसला होता.

“मूल दूर गावी निघून गेलं तर?” ऋजुताने विचारलं.

“बरं वाटतं. ते सुटलं.”

“आणि नवऱ्याबद्दल काय वाटतं?”

पेटी थांबली. एवढी ती आधी कुठल्याच प्रश्नाला थांबली नव्हती.

“त्यांनी विचारावं असं वाटतं,” जयवंतरावांचा आवाज म्हणाला.

“काय विचारावं?”

“काहीही.”

“पुरे,” शैलजाबाई म्हणाल्या. हे आपल्या आत होतं, हे त्यांनाच आज कळत होतं, आणि तेही असं, सगळ्यांच्या बरोबर. “पुरे, ऋजू. तुझ्या पप्पांचं काय ते सांग आधी. तिकडे ते पडलेत.”

ऋजुताने पेटी दूर सारली. तिने तळहातांनी डोळे पुसले. मग ती डॉक्टरांना म्हणाली, “पप्पांनी आईला सांगितलं असेल तर ते तसंच असणार. ते खरंच घाबरतात. माझी संमती आहे. शस्त्रक्रिया करा.”

शैलजाबाईंच्या डोळ्यांतून आता पाणी वाहायला लागलं. डॉक्टर मुजावर लगेच उठल्या. “संध्याकाळच्या आत करून टाकू. दोन-तीन आठवड्यांत शुद्धीवर येतील असं धरू. बोलता येणार नाही, पण डोळ्यांनी हो-नाही करतील. मग त्यांना त्यांची स्वतःची पट्टी लावू.”

“एक राहिलं,” पाटणकर म्हणाले. “घरी नेल्यावर रुग्णाचं करणार कोण, ते समितीला नोंदवावं लागतं. नाव सांगा, की झालं.”

“आई आहेच की,” ऋजुता म्हणाली.

नाक पुसता पुसता म्हणाली. विचार करून म्हणाली असती तर कदाचित म्हणाली नसती. पण त्या घरात हे वाक्य विचार करून म्हणायचं नव्हतंच कधी. आणि शैलजाबाईंची मानही हो म्हणायला खाली झुकू लागली होती, सवयीने, आपोआप.

“मी नाही करणार,” जयवंतरावांचा आवाज म्हणाला.

पाटणकर दचकले. त्यांनी पेटीच्या बटणाकडे हात नेला. “माफ करा. चालूच राहिलं हे.”

सगळे शैलजाबाईंकडे बघत होते. त्या आता हसून काहीतरी म्हणतील, असं काही नाही हो, यंत्र आहे ते, त्याला काय कळतंय, असं काहीतरी, आणि पुढचं काम सुरू होईल, याची सगळे वाट बघत होते. शैलजाबाईंच्या जिभेवर ते वाक्य तयारही होतं. त्यांनी ते गिळलं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

“करा बंद,” त्या पाटणकरांना म्हणाल्या. “त्याची गरज नाही. मीच सांगते. मी नाही करणार.”

“आई?”

“त्यांना जगवा. मीच म्हणाले ना जगवा म्हणून, आणि ते मी मनापासून म्हणाले. ते नसलेलं घर मला नकोय. रोज येऊन बसेन त्यांच्याजवळ, पेपर वाचून दाखवीन, आमरस नाकाशी धरीन. पण अंथरूण आता माझ्याच्याने होणार नाही, ऋजू. परत ते दार लावून घ्यायचं आणि परत ते वाटायचं. नाही होणार.”

“मग पप्पांचं कोण करणार?”

“माणसं मिळतात. तू आहेस, मी आहे, बघू काय करायचं ते. पण नावाच्या जागी माझं नाव घालू नकोस.”

पाटणकर लिहायचे थांबले होते. डॉक्टर मुजावर दारात उभ्या होत्या. त्यांनी पाटणकरांना मानेनेच खूण केली, नावाचं मागाहून बघू, आणि त्या शस्त्रक्रियेची तयारी सांगायला निघून गेल्या. ऋजुता मात्र अजून आईच्या तोंडाकडे बघत होती. आपल्या आईने कशाला नाही म्हटलेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं, आणि एका सकाळीत तिने ते दोनदा ऐकलं होतं, एकदा पप्पांच्या आवाजात आणि एकदा आईच्या.

“पण पप्पांना शुद्ध आली,” ती हळूच म्हणाली, “आणि पट्टी लावून आपण विचारलं, आणि ते म्हणाले, मला शैलाच हवी. मग?”

“म्हणतील. मला ठाऊक आहे, तेच म्हणतील.” शैलजाबाईंनी कपाळावर तशीच राहिलेली पट्टी सोडून टेबलावर ठेवली. “मग त्यांना म्हणावं, ते मला विचारा. माझं उत्तर मी देईन.”